गुठळ्या होऊ न देणारं ई५५१: खनिज आहे म्हणजे हलालच ना?

साधाप्रश्न (धागाकर्ती)

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

दूध पावडरच्या डब्यामागे बारीक अक्षरात 'अँटिकेकिंग एजंट ५५१' असं छापलेलं असतं. मिठाच्या पुडीवर ५३५ नाहीतर ५३६, औषधाच्या गोळ्यांवर 'कोलॉइडल सिलिकॉन डायऑक्साइड'. पावडरीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हे घालतात एवढं माहीत आहे. ५५१ म्हणजे सिलिका, वाळू ज्याची बनलेली असते तेच, हेही वाचलं.

घोळ असा की नात्यातल्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, दगडाला कसलं आलंय हलाल-हराम, बिनधास्त खा. दुसरा म्हणतो, ई नंबर (अन्नात मिसळायच्या पदार्थांना दिलेला क्रमांक) दिसला की पाकीट जागेवर ठेवा आणि पुढे चला. मला दोन्ही उत्तरं आळसाची वाटतात. खनिज असूनही कुठे गोम असू शकते का, आणि असलीच तर नेमकी कुठे? फतवा नकोय, तो आलिमांकडूनच, म्हणजे धर्मपंडितांकडूनच घेईन. त्यांना विचारायचं काय, एवढं तरी डोक्यात स्पष्ट व्हावं.

ओलंमीठ

आयडी बघून तुम्हाला कळलंच असेल की मी या पदार्थांच्या विरोधी पक्षात आहे. बसतो इथेच, वाचतो.

पाटीपेन्सिल

ताई, मी मुस्लिम नाही, त्यामुळे हुकूम काय ते सांगायचा माझा अधिकार नाही. पण नोकरी पावडरींचीच आहे, तेव्हा माल येतो कुठून ते सांगू शकतो.

अन्नातलं ५५१ म्हणजे दळलेली वाळू नव्हे. ते बनवायचे मुख्य रस्ते दोन. पहिल्यात वाळू आणि सोडा अ‍ॅश भट्टीत वितळवून सोडियम सिलिकेट करतात, ते पाण्यात विरघळवतात आणि त्यात सल्फ्युरिक आम्ल सोडतात. सिलिका साका होऊन खाली बसते. ती गाळायची, धुवायची, वाळवायची, दळायची. ही प्रेसिपिटेटेड सिलिका. दुसऱ्या रस्त्यात सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीत सोडतात. तापमान हजार अंशांच्या वर असतं, आणि धुरासारखी सूक्ष्म सिलिका हाती लागते. तिला फ्यूम्ड सिलिका म्हणतात. पोतं उचललं तर आत काही भरलंय की नाही अशी शंका येते, इतकी ती हलकी. एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण २०० चौरस मीटर भरतो.

दोन्ही रस्त्यांत चरबी नाही, हाड नाही, अल्कोहोल नाही. कच्चा माल वाळू, सोडा, आम्ल, नाहीतर क्लोरीनचं संयुग.

काम कसं करतं तेही सांगतो, कारण पुढच्या चर्चेत ते लागेल. मिठाचे दोन दाणे एकमेकांना टेकतात तिथे हवेतली ओल धरते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढायला लागतं, पृष्ठभाग किंचित विरघळतो. हवा पुन्हा कोरडी झाली की ते विरघळलेलं मीठ त्याच सांध्यात घट्ट होतं आणि दोन दाण्यांमध्ये पूल तयार होतो. असे लाखो पूल म्हणजे तुमचा मिठाचा दगड. सिलिका दाण्यांच्या अंगावर चिकटून बसते, त्यांना एकमेकांपासून दूर ठेवते आणि थोडी ओल स्वतः धरते. मिठाशी तिची रासायनिक भानगड काही नाही. अमेरिकेच्या अन्ननियमांत तिची मर्यादा पदार्थाच्या वजनाच्या २ टक्के आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून कमीच वापरतात.

५५२ म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, ५५३बी म्हणजे टाल्क, ५५४ म्हणजे सोडियम अ‍ॅल्युमिनोसिलिकेट, ५०४ म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. ही सगळी त्याच बिरादरीतली.

किताबी_किडा

पाटीपेन्सिल भाऊ, फार कामाचं लिहिलंत.

फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या बाजूने बघितलं तर पाया सोपा आहे. वस्तूंमध्ये मूळ हुकूम परवानगीचा. हराम ठरवायला दलील (पुरावा) लागते, हलाल ठरवायला नाही. सूरह बकराची २९वी आयत सांगते की जमिनीत जे काही आहे ते तुमच्यासाठी निर्माण केलं. हराम काय ते सूरह माइदाच्या ३ऱ्या आणि सूरह अनआमच्या १४५व्या आयतीत नाव घेऊन सांगितलंय: मेलेलं जनावर, वाहतं रक्त, डुकराचं मांस, अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने कापलेलं. खनिज त्यात नाही. उलट मीठ स्वतःच खनिज आहे आणि ते सगळी उम्मत खाते.

खनिज दोनच कारणांनी अडतं. ते अपाय करत असेल तर, किंवा त्यात नजिस, म्हणजे धर्माने अपवित्र ठरवलेलं, काही मिसळलं असेल तर. शुद्ध ५५१ बाबत दुसरं कारण वरच्या प्रतिसादाने निकालात निघालं. पहिल्याबद्दल जाणकारांनी बोलावं.

मुसाफिर

माझ्याकडे ई नंबरांची यादी आहे, त्यात डुकराची चरबी असलेले सगळे नंबर दिलेत. टाकू का इथे? परदेशातल्या एका मोठ्या संशोधकाने काढलेली आहे.

ओलंमीठ

नका टाकू. ती यादी माझ्या आजोबांच्या कीपॅडवाल्या फोनपासून फिरतेय.

पाटीपेन्सिल

मुसाफिर भाऊ, तुमच्या यादीची सुरुवात बहुधा ई१०० पासून होत असेल. ई१०० म्हणजे कर्क्युमिन, हळदीतला पिवळा रंग. जी यादी हळदीत डुकराची चरबी शोधते तिच्यावर किती भिस्त ठेवायची ते तुम्हीच ठरवा. दुसरी अडचण अशी की त्यात खरोखर विचारण्याजोगे चार नंबर निर्दोष नंबरांच्या गर्दीत हरवून जातात. ४७०, ५७०, ५७२ (स्टिअरिकसारखी चरबीतली आम्लं आणि त्यांचे क्षार) हे वनस्पतीचेही असू शकतात आणि प्राण्यांचेही. यादी त्यांना सरळ डुक्कर म्हणते, आणि ती खोटी निघाली की लोक या खऱ्या शंकासुद्धा कचऱ्यात टाकतात.

नंबर पदार्थ कोणता ते सांगतो, तो आला कुठून ते सांगत नाही. सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे.

साधाप्रश्न

म्हणजे ५५१ सोडून इतर अँटिकेकिंगवाल्यांत खरी शंका आहे? कोणकोणत्या? ते तर अजून महत्त्वाचं.

तपासनीस

आपा, हलाल प्रमाणपत्रासाठी कारखाने बघायला जातो, त्यामुळे यात थोडं बोलू शकतो. कंपन्यांची नावं घेणार नाही.

अँटिकेकिंग म्हणून छापलेल्या गोष्टींत मला फाईल उघडायला लावणाऱ्या अशा:

मॅग्नेशियम स्टिअरेट आणि त्याची भावंडं. नाव ऐकून खनिज वाटतं, पण मॅग्नेशियम हे त्यातलं निम्मं शिम्मंही नाही. बाकी सगळं स्टिअरिक आम्ल, म्हणजे चरबीतलं आम्ल. ते पाम तेलातून येतं किंवा टॅलोतून, म्हणजे जनावराच्या चरबीतून. प्रयोगशाळेत अंतिम पदार्थ तपासून ते खात्रीने ओळखणं कठीण, म्हणून इथे कागदच बोलतो: पुरवठादाराने लिहून दिलेलं मूळ आणि त्याच्या मागच्या पुरवठादाराचंही.

कॅल्शियम फॉस्फेट, ३४१. फॉस्फेट खडकापासून फॉस्फोरिक आम्ल, त्यात चुना, की झालं तयार. पण हाडं हीसुद्धा मुळात कॅल्शियम फॉस्फेटच. हाडांपासून केलेल्याला वेगळा नंबर आहे, ५४२, बोन फॉस्फेट. युरोपच्या परवानगीच्या यादीत तो आता नाही, पण कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या, नंबरपद्धतीत आहे. त्यामुळे '३४१, पण खडकातला ना?' एवढं विचारून घ्यावं लागतं.

कॅल्शियम कार्बोनेट, १७०. बहुतेक वेळा चुनखडीचं, क्वचित अंड्याच्या टरफलाचं किंवा कालवांच्या शिंपल्यांचं.

आणि आता तुमच्या ५५१ वर येतो, कारण वर सगळे त्याला सोडून द्यायच्या तयारीत आहेत. सिलिका स्वच्छ आहे यात वाद नाही. पण तिचा दुसरा धंदा आहे हमालीचा. पाटीपेन्सिल भाऊंनी तो २०० चौरस मीटरचा आकडा दिला ना, त्यामुळे ती स्वतःच्या वजनाहून जास्त तेल पिऊन वर कोरडी पावडर राहू शकते. म्हणून पातळ स्वाद, जीवनसत्त्वाचं तेल, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) असं काहीही सिलिकावर चढवून पावडर करून विकतात. तिथे प्रश्न हमालाचा नसतो, त्याच्या डोक्यावरच्या बोजाचा असतो. स्वाद अल्कोहोलमध्ये विरघळवला होता का? तो प्राणिजन्य आहे का? लेबलवर दिसतं फक्त 'स्वाद, ५५१'.

साधाप्रश्न

हे कुठेच वाचलं नव्हतं. म्हणजे नुसत्या दूध पावडरीतलं ५५१ आणि स्वाद लावलेल्या पावडरीतलं ५५१ यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचं.

तपासनीस

अगदी तसंच. साध्या पावडरीत ते एकटं असतं, तिथे मी दोन मिनिटांत पुढे जातो.

दर्यावर्दी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपण गाय शोधत बसलोय. सूरह बकरामध्ये बनी इस्राईलला एक गाय कापा म्हटलं, तर ते विचारत बसले कोणत्या वयाची, कोणत्या रंगाची, कशी दिसणारी, आणि प्रत्येक प्रश्नागणिक स्वतःचंच काम अवघड करत गेले. सूरह माइदाच्या १०१व्या आयतीत तर थेट सांगितलंय की उघड झाल्या तर तुम्हालाच जड जातील अशा गोष्टी विचारत बसू नका. बुखारी या हदीससंग्रहात हजरत आयशांची रिवायत (सांगितलेली हकीकत) आहे: काही लोक मांस आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलं की नाही कळत नाही, असं विचारल्यावर पैगंबरांचं उत्तर मिळालं, तुम्ही नाव घ्या आणि खा. मांसाबद्दल ही सवलत, आणि आपण वाळूची वंशावळ काढतोय.

किताबी_किडा

दर्यावर्दी भाई, दलीली तिन्ही खऱ्या, पण त्या लागू कुठे करायच्या यावर माझं वेगळं मत आहे. हजरत आयशांच्या रिवायतीतले मांस आणणारे लोक नुकतेच इस्लाममध्ये आलेले होते. मुसलमानाबद्दल चांगलं गुमान, म्हणजे चांगला समज ठेवायचा, हा तिथला धडा. ज्याला हलाल काय हेच ठाऊक नाही आणि ज्याला स्वस्त पडेल ती चरबी घ्यायची आहे, अशा पुरवठासाखळीला तो कसा लावणार? नुअमान बिन बशीर यांची हदीसही बुखारी-मुस्लिममध्येच आहे: हलाल उघड आहे, हराम उघड आहे, मधल्या शंकास्पद गोष्टींपासून जो वाचला त्याने दीन आणि अब्रू राखली.

मात्र एका गोष्टीत तुमच्या बाजूने. शंकेला काहीतरी आधार लागतो. स्टिअरेटमध्ये आधार आहे, कारण जनावराची चरबी हा त्याचा रोजचा कच्चा माल आहे. शुद्ध सिलिकात 'कोण जाणे काय असेल' एवढंच उरतं, आणि त्याला फुकहा (फिकहचे जाणकार) शंका म्हणत नाहीत, वसवसा, म्हणजे मनाचा संशयीपणा म्हणतात.

दर्यावर्दी

मग माझा मुद्दा मान्यच झाला की. सिलिकापुरता.

किताबी_किडा

सिलिकापुरता, हो.

खाकसार

या आयडीने मातीच्या धाग्यावर बोलायलाच हवं.

जाफरी, म्हणजे शिया फिकहमध्ये एक वेगळा मुद्दा निघतो, तो वर कोणी काढला नाही. आमच्याकडे माती खाणं हे स्वतंत्रपणे हराम आहे, त्यात नजिस काही असो वा नसो. अपवाद म्हणजे शिफा (आजार बरा होणं) म्हणून करबलाची खाक, म्हणजे माती, तीही हरभऱ्याएवढी, आणि इलाज म्हणून काही औषधी माती. हनफी आणि शाफई या सुन्नी मजहबांच्या (फिकहच्या पंथांच्या) किताबांतही माती खाण्याचा विषय येतो, पण तिथे मुख्य कारण अपाय हे धरलंय. तर केओलिन आणि बेंटोनाइट या सरळसरळ माती आहेत, नंबर ५५९ आणि ५५८. त्यांचं काय?

माझ्या वाचनात उत्तर असं की पदार्थात ती इतकी विरून गेलेली असते की खाणारा 'माती खातोय' असं कोणी म्हणणार नाही. याला इस्तिहलाक म्हणतात. शिवाय ज्योतीतून किंवा आम्लातून आलेली ५५१ मुळात मातीच राहिलेली नसते. तरी हे माझं वाचन. ज्याने त्याने आपल्या मरजाकडून, म्हणजे ज्याचं मत मानतो त्या शिया धर्मगुरूकडून खात्री करावी.

पाटीपेन्सिल

खाकसारजी, ५५८, ५५९ आणि ५५६ हे तिन्ही नंबर युरोपने अ‍ॅल्युमिनियमच्या मुद्द्यावरून केव्हाच वगळले. त्यांच्या बाजारात तरी तुमचा प्रश्न परस्पर सुटला.

नवखी_आई

माझा प्रश्न जरा वेगळा. हलाल ठीक, पण तय्यिबचं, म्हणजे चांगलं आणि निरोगी असण्याचं काय? सिलिकाने फुफ्फुसं जातात, कॅन्सर होतो असं वाचलं. बाळाच्या पावडरीत हे कशाला?

पाटीपेन्सिल

ताई, दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. फुफ्फुसं खराब करते ती स्फटिकी सिलिका. खाणकामात, दगड कापताना तिची धूळ श्वासातून वर्षानुवर्षं आत जाते आणि सिलिकोसिस होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक असं ठेवलंय. अन्नातली सिलिका अस्फटिकी असते, तिला त्याच संस्थेने तिसऱ्या गटात ठेवलं, म्हणजे कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही असं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ५५१ ची फेरतपासणी केली तेव्हा माहिती अपुरी आहे असं सांगून मर्यादा ठरवली नव्हती. २०२४ मध्ये पुन्हा तपासलं, १६ आठवड्यांखालच्या बाळांचाही विचार केला, आणि सध्या वापरतात त्या प्रमाणात कोणत्याही वयोगटाला धोका दिसत नाही असा निष्कर्ष दिला.

टाल्कचं मात्र तसं नाही. त्याच कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. शिवाय खाणीत टाल्कच्या शेजारी अ‍ॅस्बेस्टॉस सापडू शकतं, त्यामुळे खाण्याच्या प्रतीचा टाल्क त्यासाठी तपासलेला असावा लागतो. मला विचाराल तर तय्यिबची काळजी करायची असेल तर ५५१ सोडून ५५३बी वर करा.

नवखी_आई

आभार. डोक्यावरचं ओझं उतरलं.

ओलंमीठ

मिठाचं राहिलं की! ५३५, ५३६. नावात सायनाइड आहे म्हणे. आता हलाल आहे म्हणालात तरी मी खाणार नाही.

पाटीपेन्सिल

फेरोसायनाइड. त्यातलं सायनाइड लोखंडाला असं घट्ट धरून बसलेलं असतं की पोटात सुटून काही करत नाही. प्रमाणही बघा, युरोपात एक किलो मिठात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम. हे सिलिकासारखं मध्ये येऊन बसत नाही. मी वर तो पूल सांगितला ना, फेरोसायनाइड असलं की त्या सांध्यात मीठ झाडाच्या फांद्यांसारखं ठिसूळ वाढतं, आणि पुडी हलवली की पूल मोडतो.

पण हलालच्या दृष्टीने याचा इतिहासच जास्त मजेदार आहे. १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये प्रशियन ब्लू हा रंग अपघाताने सापडला, तो जनावराच्या रक्तापासून केलेल्या तेलाने बिघडलेल्या पोटॅशमुळे. पुढे या रंगातूनच पोटॅशियम फेरोसायनाइड काढलं गेलं. एकोणिसाव्या शतकातले कारखाने वाळलेलं रक्त, शिंगं, खूर, चामड्याचे तुकडे पोटॅशबरोबर लोखंडी भांड्यात भाजून ते बनवत. नंतर कोळशाच्या गॅसच्या शुद्धीकरणातून ते मिळू लागलं. आता हायड्रोजन सायनाइड, लोहाचा क्षार आणि अल्कली यांपासून होतं. म्हणजे आजच्या मिठात रक्ताचा काही संबंध नाही, पण दोनशे वर्षांपूर्वी हा धागा निघाला असता तर तपासनीस भाऊंना झोप लागली नसती.

तपासनीस

मला आजही लागत नाही.

किताबी_किडा

दोनशे वर्षांपूर्वीही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं नसतं! इथे इस्तिहाला येतो. नजिस वस्तूचं रूप आणि गुण पार बदलून दुसरीच वस्तू झाली तर जुना हुकूम उरतो का, हा तो प्रश्न. हनफी किताबांतलं उदाहरण या धाग्यासाठीच लिहिलंय असं वाटेल: मिठाच्या खाणीत गाढव पडलं आणि काळाने त्याचं मीठ झालं, तर ते मीठ खावं का? इमाम मुहम्मद म्हणतात पाक आहे, कारण आता ते मीठ आहे, गाढव नाही. इमाम अबू यूसुफ यांचं मत वेगळं होतं, पण मजहबात फतवा इमाम मुहम्मद यांच्या मतावर आहे. नजिस वस्तू जळून राख झाली तर तिलाही हाच न्याय. इब्न हज्म आणि इब्न तैमिया यांचंही मत रूपांतराच्या बाजूने.

शाफई मात्र दार अरुंद ठेवतात. दारू आपोआप सिरका झाली, मेलेल्या जनावराचं चामडं कमावलं, अशा मोजक्याच गोष्टी ते मानतात. नजिसाची राख त्यांच्याकडे नजिसच. हाडाबद्दलही तसंच: हनफींकडे डुक्कर सोडून मेलेल्या जनावराचं कोरडं हाड पाक, शाफईंकडे नाही. आणि पाक असणं म्हणजे खायला हलाल असणं नव्हे, हा फरक लोक नेहमी विसरतात.

साधाप्रश्न

आम्ही शाफई आहोत. म्हणजे आमच्यासाठी ५४२ किंवा हाडाचं ३४१ चालणार नाही, आणि एखाद्या हनफी शेजारणीला तिचे मुफ्ती कदाचित वेगळं सांगतील?

किताबी_किडा

जनावर शरई पद्धतीने जबह केलेलं, म्हणजे कापलेलं असेल तर तुम्हालाही अडचण नाही. नसेल तर हो, फरक पडू शकतो. आधुनिक मजलिसींतही एकमत नाही. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक वैद्यकीय संघटनेच्या परिषदेने इस्तिहाला बराच मोकळा धरला. जेद्दाच्या फिकह अकादमीने १९८६ मध्येच डुकराच्या जिलेटिनला नकार दिला होता. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था सहसा कडक बाजू धरतात, कारण त्यांचा शिक्का सगळ्या मजहबांच्या लोकांना चालावा लागतो.

तपासनीस

यात भर. इंडोनेशियात हलाल प्रमाणपत्र कायद्यानेच सक्तीचं केलं, २०१४ चा कायदा आहे. पण ज्यांना प्रमाणपत्र लागतच नाही अशा वस्तूंची यादीही त्यांच्या धर्ममंत्रालयाने २०२१ मध्ये काढली. खाणीतून येणारा माल आणि जोखीम नसलेली बरीच रसायनं त्यात आहेत. म्हणजे ज्या देशाने सगळ्यात जास्त सक्ती केली, त्यानेच खनिजांना रांगेतून बाहेर काढलं. 'हलाल सिलिका' म्हणून वेगळे पैसे मागणारा पुरवठादार भेटला की मला ही यादी आठवते. शिक्का असला तर वाईट नाही, खरेदीदाराची फाईल पटकन पुरी होते. पण त्याने सिलिका जास्त हलाल होत नाही.

दर्यावर्दी

हे मात्र सोळा आणे.

तपासनीस

थांबा भाई, खनिजाच्याच कारखान्यात मला काय सापडलं ते ऐका, मग सोळा आणे द्या.

एका ठिकाणी खनिज पावडर दळून, चाळून पोत्यात भरत होते. कच्चा माल चोख, कागद चोख. चाळणीच्या जाळीत अडकलेली पावडर झाडायला ब्रश ठेवले होते. लाकडी मूठ, पांढरट राठ केस, टोकाला दुभंगलेले. प्लॅस्टिकचा तंतू टोकाला असा फाटत नाही. एक केस उपटून लायटरवर धरला. प्लॅस्टिक वितळून त्याचा मणी होतो. हा कुरकुरत जळला आणि जळक्या पिसांचा वास आला. जनावराचा केस, आणि अशा ब्रशांत डुकराचाच केस सर्रास असतो. तिथल्या माणसाला काही माहीत नव्हतं, दुकानातून आणलेला ब्रश होता. नायलॉनचे आणवले, चाळण्या धुवून घेतल्या, मग पुढचं काम.

कागदावर बघितलं तर तिथे कच्च्या मालात खोट काढायला जागाच नव्हती.

ओलंमीठ

ब्रश! आता मी घरातले सगळे ब्रश जाळून बघणार.

साधाप्रश्न

तपासनीस भाई, हे ऐकून मग मी ग्राहक म्हणून काय करू? कारखान्यात जाऊन ब्रश तर जाळू शकत नाही.

तपासनीस

करायची गरजही नाही. ते माझं काम. लेबलवर अँटिकेकिंग म्हणून नुसतं ५५१, ५५२, ५०४, ५३५, ५३६ असेल आणि बाकीचे घटक ठीक असतील, तर माझ्या मते शोधाशोध करू नका. ४७०, ५७२, ३४१ असेल तर कंपनीला ईमेल टाका. मात्र 'हे हलाल आहे का' असं विचारू नका, 'होय' असं एका शब्दाचं उत्तर येतं आणि त्यातून काही कळत नाही. विचारा की स्टिअरेटचं मूळ वनस्पती की प्राणी, फॉस्फेट खडकातलं की हाडांचं, आणि स्वाद कशात विरघळवलाय. आडवंतिडवं उत्तर आलं तर तेही उत्तरच समजा.

दूध पावडरीत ५५१ सोडून मला दोनच गोष्टी बघायला आवडतात: लेसिथिन हे इमल्सिफायर सोयाचं आहे का, आणि जीवनसत्त्व ड कुठून आलंय. ड३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट द्रव्यापासून करतात, आणि ते जिलेटिनच्या कवचात बंद करून पावडर केलेलं असू शकतं.

साधाप्रश्न

आमच्या डब्यावर 'लेसिथिन ३२२' एवढंच आहे, सोया लिहिलेलं नाही. आणि ड आहेच. ईमेल टाकते.

मुसाफिर

यादी मी ग्रुपवरून काढून टाकली. पण एक विचारू का? टूथपेस्टमध्येही सिलिका असते ना? ती गिळली तर?

पाटीपेन्सिल

असते, हायड्रेटेड सिलिका, दात घासायला. तीही सोडियम सिलिकेटमधूनच काढलेली. टूथपेस्टमध्ये विचारायचं असेल तर ग्लिसरिनबद्दल विचारा, ते वनस्पती तेलाचंही असतं आणि चरबीचंही.

ओलंमीठ

आणि ब्रशबद्दल.